विभागातली कोरडी खोली

आमच्या विभागाच्या इमारतीत पावसाळ्यात एकच खोली कोरडी असते आणि तिची किल्ली माझ्याकडे असते. माझं विभागातलं स्थान एवढ्यात सांगून झालं. माझ्या नेमणूकपत्रात आणखी काय काय लिहिलं आहे, ते जाणून घ्यायची गरज आजवर कोणाला वाटलेली नाही.

हा विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग. मी इथले संगणक सांभाळते. जिन्याशेजारच्या लहान खोलीत एक काळं लोखंडी कपाट आहे, त्यात सर्व्हर. विभागाच्या फायली, मुलांचे गुण, प्रबंधांची प्रकरणं, सगळं त्यात राहतं आणि सगळ्यांचं इंटरनेटही त्याच कपाटातून पुढे जातं. खाली यूपीएस आणि त्याच्या बॅटऱ्या. भिंतीवर एसी, रात्रंदिवस चालू. सर्व्हरला दमट हवा चालत नाही म्हणून ही सगळी बडदास्त.

माणसांना दमट हवा चालते असं विद्यापीठाने गृहीत धरलेलं आहे. त्यामुळे बाकी इमारतीत जून लागला की चपलांच्या पट्ट्यांवर हिरवी साय धरते. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगात बुरशी जाळं विणते. प्रिंटरमध्ये कागद घातला की तो आतल्या आत दुमडून बसतो आणि बाहेर यायला नकार देतो. अशा इमारतीत थंड, कोरडी हवा असलेली खोली आहे म्हटल्यावर लोक काय करणार? ते दारात येऊन अत्यंत नम्रपणे विचारतात, "जरा ठेवू का?"

"जरा" म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत.

कार्यालयातले भाऊ मुलाचे क्रिकेटचे पॅड आणून ठेवायचे. विभागप्रमुख सर पासबुकं आणि पदव्यांची प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणायचे, वर एक जुना रेडिओ. आमच्या ज्येष्ठ प्राध्यापक बाई आहेत, त्यांची फणसपोळी असायची. ती बाहेर चिकट होते. मी शेवटी दारावर मोठ्या अक्षरांत कागद लावला: "या खोलीत सर्व्हरव्यतिरिक्त काहीही ठेवू नये." दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, "आमसुलं?"

दाराशी चपला काढायची सूचनाही मीच लावली होती, धुळीसाठी. तिचा परिणाम असा झाला की लोक आत येताना आवाज खाली आणतात. दसऱ्याला कपाटाला झेंडूची माळ पडते. एकदा नारळही होता. कोणी ठेवला ते कळलं नाही, पण त्या आठवड्यात नेट फार चांगलं चालल्याचं सगळ्यांनी मला आवर्जून सांगितलं.

त्या वर्षी यूपीएसच्या बॅटऱ्या फुगायला लागल्या होत्या. वय झालं की त्या फुगतात, आणि मग बदलाव्या लागतात. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतला कंत्राटदार हे काम करतो. त्याला इतके फोन केले की त्याच्या बायकोने एकदा माझ्या तब्येतीची चौकशी केली. अखेर त्याने श्रावणातला एक शनिवार-रविवार दिला. बॅटऱ्या बदलायच्या, वायरिंग तपासायचं, एसी धुवायचा. दोन दिवस सर्व्हर बंद. हे चुकलं तर पुढची तारीख गणपतीनंतर.

नियोजित देखभालीची माझी पद्धत ठरलेली आहे. पंधरा दिवस आधी मेल. मग व्हॉट्सॲपच्या गटावर सूचना. मग छापील कागद, सरांच्या सहीने, फलकावर आणि जिन्यात. त्यात काय बंद राहील, कधी राहील, आपापली कामं कधीपर्यंत उरकावीत, सगळं क्रमवार. गटावर लगेच प्रतिसाद येतो. जोडलेले हात, अंगठा, आणखी जोडलेले हात, एक गुलाब. मग ठरलेल्या दिवशी सकाळी सगळे एकदम विचारतात, "नेट नाही का हो?"

सर सूचनेवर न वाचता सही करतात. त्यांचा माझ्यावर विश्वास आहे असं ते म्हणतात. भाऊ वाचतात, पण त्यांना पाहिजे तेवढंच.

"शनिवारी सर्व्हरला उपास का मॅडम?" त्यांनी विचारलं.

"शनिवार-रविवार."

"मग कडक आहे."

ती सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेली व्यक्ती एकच निघाली. बाईंच्या हाताखाली पीएचडी करणारी मुलगी. केळशीची, वडील बोटीवर, वर्षातून दोनदा घरी येणारे. ती सड्यावरच्या रोपांवर काम करते. सडा म्हणजे आमच्याकडचं कातळाचं उघडं पठार. आठ महिने तिथे काळ्या दगडाशिवाय काही दिसत नाही आणि पावसाळ्यात त्याच दगडावर बोटभर उंचीची रोपं उगवून फुलतात. ज्यांना ती बघायची असतात त्यांना भर पावसात जावं लागतं. ज्यांना ती सुकवायची असतात त्यांची कठीण गत.

कारण झाडाचा नमुना टिकवायचा तर तो सुकवावा लागतो. रोप वर्तमानपत्रात पसरायचं, वर टीपकागद, असे थर रचायचे आणि लाकडी पट्ट्यांच्या दोन चौकटींमध्ये कापडी पट्ट्यांनी आवळून टाकायचे. याला प्रेस म्हणतात. रोज कागद बदलायचे आणि कोरडी, किंचित उबदार हवा द्यायची. नाहीतर एका रात्रीत फूल काळं पडतं आणि पानाला बुरशी येते. यासाठी विभागात सुकवणीचं एक विजेचं कपाट आहे. ते बंद आहे. त्याची फाईल वर गेलेली आहे. वर म्हणजे कुठे ते विचारू नये.

माझ्या "काहीही ठेवू नये" या नियमाला मी केलेला एकुलता एक अधिकृत अपवाद म्हणजे या मुलीचे प्रेस. सर्व्हरच्या मागच्या बाजूने पंखे कोमट हवा फेकतात, तिथे एक फळी होती. प्रेससाठी ती जागा जणू मापाने शिवलेली होती.

सूचना वाचून ती दारात येऊन उभी राहिली. तिला "जरा ठेवू का" म्हणायचं नव्हतं, तिचं आधीच ठेवलेलं होतं.

"ताई, शनिवारी ती मागची हवा बंद होईल ना?"

"सगळंच बंद होईल."

"सोमवारपर्यंत पाहिजे होती."

मग तिने सांगितलं. शहराबाहेरच्या एका सड्यावर तिला एक रोप सापडलं होतं. मुगाच्या दाण्याएवढं फूल, पांढुरकं, कडेला जांभळी रेघ. बाईंचं म्हणणं, हे नेहमीचंच आहे, जागा बदलली की रंग बदलतो. हिचं म्हणणं, नाही, हे वेगळं आहे. वाद मिटवू शकेल असा एक माणूस होता. या रोपांवर हयात घालवलेले एक तज्ज्ञ सोमवारी गोव्याला जाताना अर्धा दिवस आमच्याकडे उतरणार होते. त्यांना फोटो चालत नव्हते, नीट सुकलेला नमुना भिंगाखाली धरायचा होता. फूल या वर्षी उशिरा आलं, त्यामुळे प्रेसही उशिराच भरले.

"आणि नाही सुकलं तर पुढच्या वर्षी परत गोळा कर," मी म्हटलं.

"पुढच्या वर्षी तो सडा नसेल. चिरेखाण चालू होत्येय. चुन्याच्या रेघा मारून झाल्यात. पाऊस संपला की मशीन येणार."

तिच्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्या फुलावर उभं होतं. फूल वेगळं निघालं तर प्रकरण. नाही निघालं तर दोन वर्षांची पायपीट आणि एक परिच्छेद. आणि नमुना काळा पडला तर यातलं काहीच कधी कळणार नव्हतं.

बाई त्यानंतर स्वतः आल्या. त्या माझ्याहून मोठ्या आहेत आणि मला अगं-तूगं करतात.

"काय गं, दोन दिवस पुढे ढकललंस तर तुझा सर्व्हर रुसेल का?"

"बॅटऱ्या फुगल्यात बाई. रुसणार नाहीत, फुटतील."

"माझी पोरगी रडेल त्याचं काय?"

"तुम्हीच म्हणता ना, फूल नेहमीचंच आहे."

"ते मी म्हणते. ते त्या माणसाला म्हणू दे, मग मी खरी ठरेन," बाई म्हणाल्या आणि जाता जाता फणसपोळीचा डबा चाचपून गेल्या.

मी मुलीला सांगितलं की प्रेस शुक्रवार संध्याकाळपर्यंत राहतील आणि शनिवारसाठी मी काहीतरी बघते. बघते म्हटलं की मी बघते. पण आठवड्याच्या मधोमध मला आंजर्ल्याला मावशीकडे पूजेला जायचं होतं. दोन दिवसांची रजा आधीच मंजूर होती. तेवढे दोन दिवस खोलीला कुलूप आणि प्रेसना जुनेच कागद. शुक्रवारी सकाळी येऊन सगळं लावायचं, असा बेत होता.

शुक्रवारी सकाळी जिन्यातच वास आला. सडक्या अंड्यासारखा. खालून वर जाताना वाढत गेला. कार्यालयाबाहेर उदबत्त्या लावलेल्या होत्या, एक नाही, अख्खा पुडा.

"भाऊ, हा वास कसला?"

भाऊंनी आधी दोन्ही बाजूंना पाहिलं. मग आवाज खाली आणला. "राहू द्या हो मॅडम. श्रावण संपला की नेतील ज्याची त्याची."

"काय नेतील?"

"सुकट. तुमच्या खोलीत कोणीतरी सुकट ठेवलीन. तुम्ही गेल्यापासून येतोय वास."

"मग मला फोन का नाही केलात?"

"तुम्ही पूजेला गेलेलात. पूजेत कुठे सुकटीचं सांगायचं?"

हे ऐकल्यावर सगळा प्रकार माझ्या लक्षात आला. श्रावणात आमच्या विभागातले निम्मे लोक मासे सोडतात आणि उरलेले तसं दाखवतात. अशा महिन्यात कोणीतरी सुकी कोळंबी कोरड्या खोलीत लपवली, एवढंच सगळ्यांच्या मनात आलं. आणि कोणाला उघडं पाडायला नको, म्हणून सगळे सभ्यपणे गप्प बसले. पाहुण्यासमोर घरातलं भांडण झाकावं तसा तो वास झाकला जात होता. सरांना वाटलं भाऊंची. भाऊंना वाटलं सरांची, म्हणून तर बोलता येईना. उदबत्त्या सरांच्या होत्या. बाई येता येता म्हणाल्याच, "केळशीहून आईने लेकीला पाठवली असणार."

लेक तेवढ्यात मागून आली. तिने ते ऐकलं होतं.

"आमच्याकडची सुकट असा वास मारत नाही, बाई," ती म्हणाली. "असा मारला तर आम्ही ती फेकतो."

मी दार उघडलं. एसीतून पाणी भिंतीवरून ओघळत होतं. खोली गरम होती. आणि खाली बॅटऱ्यांच्या ओळीतल्या मधल्या दोघी पुरीसारख्या टम्म फुगल्या होत्या. एकीच्या टोकाशी ओल होती, हात जवळ नेला तरी धग लागत होती. वास तिचा होता. बॅटरी अती तापली की असा वास येतो. तो माझ्याखेरीज इमारतीत कोणी ओळखला नाही, कारण ओळखीचा एक वास प्रत्येकाकडे आधीच तयार होता.

नियोजित देखभाल शनिवारी होती. ती एक दिवस आधीच, आपणहून येऊन बसली होती.

मी खिडकी उघडली, सगळ्यांना बाहेर काढलं, सर्व्हर क्रमाने बंद केला, मग त्या खोलीचा मेन स्विच पाडला. कंत्राटदाराला फोन केला. या वेळी तो एका फोनवर आला, बॅटऱ्या तापल्यात एवढं म्हटलेलं पुरलं. त्याने आत डोकावून मान हलवली. या बॅटऱ्या आत्ताच काढतो म्हणाला, नव्या रविवारी संध्याकाळी बसतील, तोवर या खोलीत वीज नाही आणि कोणी आत थांबायचं नाही.

म्हणजे खोली रिकामी करायची. मग जे काय बाहेर निघालं ते बघायला सगळा विभाग जिन्यात जमला. क्रिकेटचे पॅड. पासबुकांची पिशवी. रेडिओ. फणसपोळी. आमसुलांच्या दोन बरण्या, ज्यांना कोणी वाली नव्हता. लग्नातला एक कोट. पोह्याच्या पापडांचा डबा. एक हार्मोनियम, ती कधी आत गेली हे मला आजही माहीत नाही. सुकट मात्र नव्हती. ती न सापडल्याने भाऊंची जरा निराशा झाली.

शेवटी प्रेस निघाले. मुलीने ते व्हरांड्यातल्या बाकावर ठेवले आणि हाताने कागदाची कड चाचपली. बाहेर धो धो चाललं होतं, हवा इतकी ओली की पिळून घ्यावी.

"अजून दमट आहेत," ती म्हणाली. तिला पुढे बोलायची गरजच नव्हती, बाकीचे बोलत होते.

"बल्ब लावा एक शंभरचा," सर म्हणाले. "आम्ही शिकत असताना खोक्यात बल्ब लावूनच सुकवत होतो."

पण शंभरचे बल्ब विभागातून त्यांनीच घालवले होते. वीज वाचवायची म्हणून सगळीकडे एलईडी. एलईडी काय ऊब देणार.

"इस्त्री?" भाऊ म्हणाले.

"तुझ्या शर्टाला कर," बाई म्हणाल्या.

"पुतणीचा हेअर ड्रायर आहे माझ्याकडे."

"तीन दिवस धरून कोण उभं राहणार, तुझी पुतणी?"

"मग आमच्याकडे चूल आहे. चुलीवर टांगू."

"धुराने पिवळं होईल, भाऊ," मुलगी म्हणाली. तिला त्या अवस्थेतही जरा हसू आलं, ते मला बरं वाटलं.

एवढ्यात नेट गेल्याची बातमी वरच्या मजल्यावर पोचली आणि लोक एकेक करून खाली येऊन माझ्याकडे तक्रारीच्या नजरेने पाहू लागले. भाऊही आपल्या टेबलाशी जाऊन परत आले.

"नेट नाय ते नाय, मॅडम, आणि ते स्कॅनिंग आपलं आपण चालू झालंय. त्याने माझे पाय भाजतात हो टेबलाखाली. म्हणून मी ते नेहमी बंद करतो."

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. मग बाकावरच्या प्रेसकडे पाहिलं.

विभागातले संगणक जुने आहेत. साधं टंकलेखन चालू असेल तर गप्प असतात. पण विषाणू शोधायचं पूर्ण स्कॅनिंग लावलं, किंवा साचलेले अपडेट बसवायला घेतले, की ते अंगात आल्यासारखे तापतात आणि मागच्या जाळीतून गरम हवेचा झोत सोडतात. म्हणूनच कोणी ते होऊ देत नाही. पडद्यावर दर सकाळी विचारणा येते, "आता करू की नंतर?" आणि आमचा विभाग एकमुखाने "नंतर" म्हणतो. हे अपडेट महिनोन् महिने आत उतरून, परवानगीची वाट बघत बसलेले होते. त्यांना नेटची गरज नव्हती. फक्त कोणीतरी "आता" म्हणायचं बाकी होतं.

मी सरांना म्हटलं, "प्रत्येक खोलीतला संगणक मी आज कामाला लावते. कोणी बंद करायचा नाही. सोमवारपर्यंत नाही."

"देखभाल म्हणून?"

"हो. आणि मागे एक एक प्रेस ठेवायचा."

सरांनी थोडा विचार केला. "सूचना काढणार का? मी सही करतो."

मुलगी एकच मोठा प्रेस घेऊन भाऊंच्या टेबलाकडे निघाली होती, कारण तिथली हवा सगळ्यांत गरम. मी तिला थांबवलं.

"सगळं एका ठिकाणी ठेवू नको. त्या फुलाची रोपं किती प्रेसमध्ये आहेत?"

"एकाच. नीट राहावीत म्हणून."

"मग उघड. प्रत्येकात थोडी घाल. एक जागा गेली तरी दुसरी राहिली पाहिजे."

ही गोष्ट मी विभागाला फायलींबद्दल सांगून सांगून थकले आहे. कोणी ऐकत नाही. फुलाबद्दल तिने लगेच ऐकलं. नव्या संगणकांची खोकी माळ्यावर होती, त्यांचे नालीदार पुठ्ठे आम्ही कापले आणि थरांमध्ये घातले, म्हणजे त्या नळ्यांतून गरम हवा आरपार जाईल. मग प्रेस वाटले. एक बाईंकडे, एक सरांकडे, एक भाऊंकडे, दोन प्रयोगशाळेत, एक माझ्या टेबलामागे.

विभागातली ती शुक्रवारची दुपार मी विसरणार नाही. नेट नव्हतं, गुण भरता येत नव्हते, आणि तरीही प्रत्येक खोलीतून पंख्यांचा घोंगावणारा आवाज येत होता आणि प्रत्येक जण आपल्या पडद्यावरची टक्केवारी राखत बसला होता. आजवर ज्यांनी एक अपडेट पुरा होऊ दिला नव्हता, ते व्हरांड्यात एकमेकांना विचारत होते, "तुमचं किती झालं?"

"माझं चाळिशीला अडकलंय," बाई म्हणाल्या.

"अडकू दे. अडकलं की जास्त तापतं," मी म्हटलं.

बाई स्वतः खुर्ची ओढून संगणकाच्या मागे बसल्या, हात मागच्या जाळीशी धरून, शेकोटीला बसतात तशा. मधूनच प्रेसचा पट्टा आवळत होत्या. हे फूल नेहमीचंच आहे, हे त्या त्या दिवशी एकदाही म्हणाल्या नाहीत. भाऊंनी चपला काढून पाय टेबलाखालून बाहेर ठेवले होते आणि आल्यागेल्याला "इथून जाऊ नका, वारा अडतो" सांगत होते.

शनिवारी सुट्टी होती, पण मुलगी सकाळी कागद बदलायला आली, मीही आले. भाऊ आले ते खरं तर आपली आमसुलं न्यायला. बरण्या त्यांच्याच होत्या हे असं उघड झालं. भाऊंच्या टेबलाखालचा प्रेस उघडला तर कागद जवळजवळ कोरडा. बाईंच्या खोलीतलाही तसाच. मग सरांच्या खोलीचं दार उघडलं. आत शांतता होती.

सरांना खोलीतून निघताना दारापाशीचं मेन बटण बंद करायची सवय आहे. इतक्या वर्षांची की हाताला आठवतं, डोक्याला विचारावं लागत नाही. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी प्रेसकडे प्रेमाने पाहिलं, मुलीला शुभेच्छा दिल्या आणि बटण दाबून घरी गेले. रात्रभरात तो प्रेस ओल धरून बसला होता. आतली फुलं शाईच्या डागांसारखी झाली होती.

मुलीने एकेक कागद उलटून पाहिला. "ही गेली," ती म्हणाली. मग कागद मिटत, "बाकीची आहेत ना."

"आहेत," मी म्हटलं.

सरांना फोन मीच केला. ते म्हणाले, "मी येतो." ते आले, थर्मास घेऊन. आपल्या खोलीतल्या बटणावर त्यांनी चिकटपट्टीचे चार पदर लावले, नवा प्रेस मागितला आणि खुर्चीवर बसले. दुपारी डबा तिथेच खाल्ला. रविवारीही आले. मुलगी म्हणाली, सर, तुम्ही जा घरी. ते म्हणाले, माझा हात बघितलास ना, त्याच्यावर मी लक्ष ठेवतोय.

रविवारी संध्याकाळी नव्या बॅटऱ्या बसल्या, एसी धुतला गेला, सर्व्हर चालू झाला. नेट आलं तसं गटावर जोडलेले हात आले. आणि विभागातले सगळे संगणक, माझ्या नोकरीत पहिल्यांदाच, एकाच वेळी पूर्ण अद्ययावत होते. याचं कौतुक करायला माझ्याखेरीज कोणाला वेळ नव्हता, कारण सगळे उद्याची वाट बघत होते.

तज्ज्ञ सोमवारी स्टेशनवरून थेट आले. वयस्क, कमी बोलणारे, ओल्या बुटांचे. प्रयोगशाळेत मुलीने त्यांच्यासमोर एकेक कागद उघडला. बाई हाताची घडी घालून उभ्या. सर दारात. भाऊ चहा घेऊन आले आणि कप खाली ठेवून तिथेच थांबले. मला तिथे काहीच काम नव्हतं, म्हणून मी भिंतीवरचं नेटचं खोकं तपासत राहिले.

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं ते बराच वेळ काढलं नाही. कागद फिरवला. दुसरा नमुना मागितला, मग तिसरा.

"रंग छान राहिलाय. कुठे सुकवलं हे?"

मुलीने भाऊंकडे पाहिलं. "यांच्या टेबलाखाली, सर. आणि हे बाईंच्या संगणकामागे."

ते वर न बघता म्हणाले, "हे नेहमीचं नाही." आणि मग, "एक नमुना मी घेऊन जातो. पण बी पाहिजे. बी धरलंय का तिथे अजून?"

"खालच्या अंगाला आहे थोडं."

"मग आज जा. खाणवाल्यांच्या आधी जा."

बाईंनी हाताची घडी सोडली. मला वाटलं त्या आता काहीतरी बोलतील. त्या मुलीला म्हणाल्या, "चल, माझी छत्री घे. तुझी गळते." आणि दोघी तशाच पावसात सड्यावर गेल्या. संध्याकाळी परत आल्या तेव्हा बाईंच्या रुमालात चिमूटभर बी बांधलेलं होतं आणि साडी गुडघ्यापर्यंत लाल. ते बी सुकवायला कुठे ठेवायचं हे त्यांनी मला विचारलं नाही. सरळ माझ्या खोलीत जाऊन सर्व्हरमागच्या फळीवर ठेवलं आणि फणसपोळीचा डबाही परत आत नेला.

खाण ऑक्टोबरात सुरू झाली. मुलीचं प्रकरण लिहून झालं. विभागाच्या मागच्या अंगणात कातळाचे दोन मोठे तुकडे आणून ठेवलेत, त्यावर तिने ते बी टाकलंय. उगवेल की नाही ते बाईंनाही माहीत नाही. सर जाता-येता तिथे थांबतात.

या वर्षीच्या देखभालीची सूचना मी गेल्या आठवड्यात तयार केली. सरांनी पहिल्यांदाच पूर्ण वाचली. तारखेच्या जागी मी लिहिलं होतं: "फुलं सुकून झाल्यावर."

"म्हणजे नक्की कधी?" त्यांनी विचारलं.

"विचारून सांगते," मी म्हटलं आणि मुलीला शोधायला मागच्या अंगणात गेले.